दुर्बिणीमागची वहिनी

वहिनी, घरी भेटायला येणारी माणसं तुझ्याबद्दल जे बोलतात ते सगळं खरं असतं, तरी त्यात तू नसतेस. कुणी तुझ्या हातच्या कळण्याच्या भाकरीची आठवण काढतं, कुणी म्हणतं किती सोसलं बिचारीने, कुणी तुझ्या शांत स्वभावाचं कौतुक करतं. मी समोर बसून मान हलवते आणि पाणी देते. परवा शिरपूरहून तुझी मावशी आली होती. ती म्हणाली, "आमची उज्ज्वला कधी मुंगी मारायची नाही." मला एकदम हसू आलं आणि मी उठून आत गेले. तू डावा हात कमरेच्या पट्ट्यात खोचून, उजवा हात सरळ लांब करून, पिस्तूल डोळ्याच्या रेषेत आणायचीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काय असायचं, ते या घरात फक्त मी पाहिलंय. दादानेसुद्धा नाही.

मी लग्न मोडून नंदुरबारहून परत आले, तेव्हा डिंडोलीच्या या दोन खोल्यांत मला जागा करायला तू तुझा साड्यांना लेस लावायचा टेबल दाराबाहेर नेलास. पाऊस आला की त्यावर प्लास्टिक टाकायचीस. "वैशूताई" म्हणायचीस तेव्हा. मान म्हणून. मी दिवसभर पलसाण्याच्या मिलमध्ये कॉम्प्युटरवर बसायचे, संध्याकाळी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे. तू काही विचारलं नाहीस. एके दिवशी कामरेजच्या एका लग्नाहून रिक्षाने परत येताना तुला हायवेला लागून शूटिंग रेंजचा बोर्ड दिसला आणि तू रिक्षा थांबवलीस. अंगावर लग्नातली साडी, हातात आहेराची पिशवी. मी म्हटलं, "वहिनी, काय हे?" तू म्हणालीस, "कॉलेजात एनसीसीला होते तेव्हा एकदा रायफल हातात घेतली होती. बघून तर येऊ." आणि पदर खोचून आत शिरलीस.

रेंजचे सर गुजराती. त्यांनी आधी आपल्या दोघींकडे पाहिलं, मग आहेराच्या पिशवीकडे. त्यांना वाटलं, आपण पत्ता विचारायला आलोय. तू हिंदीत विचारलंस, "बायकांना शिकवता का?" ते हसले आणि म्हणाले, "शीखवाडीए ने, बेन." शिकवतो की.

तुला मूल नव्हतं, मला नवरा नव्हता. आपण दोघी रविवारी सकाळी स्कूटीवरून बंदुका चालवायला जातो हे कळल्यावर गल्लीत काय काय बोललं गेलं, ते तू मला ऐकू दिलं नाहीस. मला ते तू गेल्यावर कळतंय, आणि तेही लोक आता कौतुकाच्या सुरात सांगतात.

दहा मीटरवर एअर पिस्तूल आपल्या दोघींना लवकर जमलं. तुला माझ्याआधी. सरांनी एकदाच सांगितलं की पिस्तुलाच्या मागच्या खाचेत पुढचा काटा मधोमध बसवायचा, दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवायचा आणि नजर त्या पुढच्या काट्यावरच ठेवायची. समोरचं काळं वर्तुळ धूसर दिसलं तरी चालेल. तू ते ऐकलंस आणि तसंच केलंस. मी ऐकलं आणि प्रत्येक गोळीनंतर मान उंच करून बघितलं की कुठे लागली. तू म्हणायचीस, "तुले देखानी भलती घाई शे." तोपर्यंत "ताई" गळून पडलं होतं. मी नुसती वैशू झाले होते.

मग पंचवीस मीटर आलं. खरी गोळी, खरा आवाज, हाताला बसणारा धक्का. तिथे दहा मीटरचं सगळं उघडं पडलं. जवळून जी चूक कागदावर तिळाएवढी दिसायची, ती लांबून बोटभर दिसायला लागली. माझ्या गोळ्या सगळ्या खाली आणि डावीकडे जायच्या. मी म्हणायचे, पिस्तुलाचा काटा बिघडलाय. सरांनी मॅगझिनमध्ये मधेच एक नकली गोळी भरली, मला न सांगता. मी चाप ओढला, नुसता टक असा आवाज झाला, आणि पिस्तुलाचं तोंड आपोआप खाली गेलं. धक्का नव्हता, आवाज नव्हता, तरी माझा हात दचकला होता.

तू मागून बघत होतीस. म्हणालीस, "वैशू, तू गोळी सुटायच्या आधीच घाबरतेस गं."

त्यानंतर घरी रोज संध्याकाळी तू मला भिंतीसमोर उभी करायचीस. हातात पाण्याने भरलेली बाटली, हात सरळ, डोळे उघडे. तू शेजारी तशीच. दादा कडोदऱ्याहून लूम बंद करून यायचा, दारातच चप्पल काढताना विचारायचा, "आज तरी जेवण आहे का नुसत्या बाटल्या?" आपण हसायचो आणि दोघींचे हात हलायचे.

आपला खरा वाद त्या हलण्यावरून होता, आठवतं ना? मी हात स्थिर व्हायची वाट बघायचे. स्थिर झाला असं वाटलं की, आता, आत्ताच, म्हणून चाप झटकन ओढायचे, आणि तिथेच सगळं जायचं. तू म्हणायचीस, हात हलणारच. जिवंत माणसाचा हात आहे. तो हलत असतानाच, काट्यावरची नजर न काढता, चाप सावकाश मागे घ्यायचा. कधी सुटली ते आपल्यालाही कळू नये. मी म्हणायचे, हलत्या हाताने नेम लागेल कसा? तू म्हणायचीस, तू थांबवायला जातेस म्हणून लागत नाही. हा वाद आपण स्कूटीवर, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना घातला. मी शेवटपर्यंत हो म्हटलं नाही. मला पटत होतं, पण तुझ्यापुढे हरायचं नव्हतं.

मग तुझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. उजव्या बाजूचं. डॉक्टरांनी सांगितलं, या हाताने आता वजन उचलायचं नाही, सूज येईल. तू विचारलंस, "किती वजन?" ते म्हणाले, पाण्याची बादली नको, भरलेली पिशवी नको. बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून म्हणालीस, "पिस्तुलाचं त्यांनी नाव घेतलं नाही." आणि हसलीस. पण तू पुन्हा हात लावला नाहीस.

मला वाटलं, आपले रविवार संपले. पण औषधांचा जोर ओसरल्यावर डोक्याला स्कार्फ बांधून तू स्कूटीवर मागे बसलीस. रेंजवर गेल्यावर सरांनी तुला खुर्ची दिली आणि स्टँडवरची दुर्बीण तुझ्यापुढे ठेवली. तेव्हापासून तू माझ्या मागे बसायचीस. मी गोळी मारायचे आणि तू सांगायचीस, ती कुठे लागली. "वर." "मधे, जरा उजवीकडे." "खाली डावीकडे. परत दचकलीस." माझं मान उंच करून बघणं बंद झालं, कारण बघायला तू होतीस. आता कळतं की ते तू मुद्दाम केलंस. माझी घाई तू स्वतःकडे घेतलीस.

आणि मी तुला काय दिलं? त्या एका रविवारी माझ्या सगळ्या गोळ्या भरकटत होत्या आणि तू मागून शांतपणे "खाली डावीकडे, खाली डावीकडे" म्हणत होतीस. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "तुला काय जातंय नुसतं बसून सांगायला?"

तू दुर्बिणीवरून डोळा काढलास. म्हणालीस, "जातंय ना. बरंच जातंय."

एवढंच. मग पुन्हा दुर्बिणीला डोळा लावलास आणि म्हणालीस, "चल, पुढची." मी पुढची मारली. घरी येताना स्कूटीवर मी माफी मागायचं ठरवलं होतं. उधन्याच्या पुलावर ट्रॅफिक होता, हॉर्न वाजत होते, मी म्हटलं घरी गेल्यावर. घरी गेल्यावर तू थकून झोपलीस. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता विषय कशाला काढायचा, तू विसरली असशील. तू विसरली नव्हतीस आणि रागावलीही नव्हतीस, हे दोन्ही मला माहीत होतं. पुढच्या रविवारी तू डबा भरून तयार होतीस. मी माफी मागितलीच नाही, वहिनी. माझ्याकडे त्यासाठी पुष्कळ वेळ आहे असं मी धरून चालले होते.

दुखणं फुफ्फुसात उतरलं तेव्हा तू रेंजला येणं बंद केलंस. मी जात राहिले. तू विचारायचीस, मी सांगायचे. कधी कधी जरा वाढवून सांगायचे. तुला ते कळायचं, कारण तू पुढचा प्रश्न असा विचारायचीस की मी अडकायचे. "पाचवी कुठे गेली?" मी बॅगेची चेन लावायला लागायचे. "दचकलीस." तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावलेला असतानाही तू हे विचारायचीस. नर्सला वाटायचं, तू भलतंच काहीतरी बडबडतेस.

आता त्या शेवटच्या रविवारचं सांगते. जवळजवळ सगळं तुला माहीत आहे, पण जे माहीत नाही ते मला सांगायचंय.

आदल्या रात्री मी दवाखान्यात होते, सकाळी दादा येणार होता. रेंजवर स्पर्धा होती. नाव मी महिन्यापूर्वी दिलं होतं आणि काढून घेतलं नव्हतं. दादा आल्यावर मी तुझ्याजवळ आले. म्हटलं, "वहिनी, आज स्पर्धा आहे. नाही गेले तरी चालेल. सर म्हणत होते, या वेळी तुझं होईल. पण तू सांगशील तसं करते."

हे वाक्य मी मनात किती वेळा फिरवून पाहिलंय. त्यात मी तुला कुठेही नको म्हणायला जागा ठेवली नव्हती. माझी बॅग खांद्याला होती. शूटिंगचे बूट मी पायात घालूनच तुझ्यापुढे उभी होते. तू मान वळवून आधी माझ्या पायांकडे बघितलंस. मग माझ्याकडे. तुला बोलायला दम लागत होता. मास्क जरा बाजूला करून तू म्हणालीस, "कव्हय येशी?"

कधी येशील. वहिनी, मी पंचवीस मीटरवरची गोळी कुठे लागली ते तुझ्या आवाजावरून ओळखायचे. "वर" कसं म्हणतेस, "मधे" कसं म्हणतेस, सगळं. आणि त्या दिवशी हाताच्या अंतरावरून तू "कधी येशील" म्हणालीस, त्यात "जाऊ नको" होतं ते मला ऐकू आलं नाही. की ऐकू आलं आणि मी पुढे गेले? हे मला अजून ठरवता येत नाही. मी उत्तर दिलं ते वेळापत्रकाचं. "माझा नंबर दुसऱ्या बॅचमध्ये आहे, जेवायच्या आत परत येते."

तू म्हणालीस, "मग जाय."

मी दादाकडे बघितलंसुद्धा नाही. जिना उतरले.

रेंजवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा नियम आहे, तुला माहीतच आहे. मी ठेवला. बंद करून ठेवला. पहिल्या पाच गोळ्या नेहमीसारख्या गेल्या. मागे खुर्ची रिकामी होती, दुर्बीण दुसऱ्या कुणाला दिली होती. दुसऱ्या फेरीत हात वर नेला, तो हलत होता, आणि मी पहिल्यांदाच त्याला हलू दिला. काटा स्वच्छ दिसत होता, इतका की त्याच्या वरच्या कडेवरचा ओरखडाही दिसत होता. पलीकडचं काळं वर्तुळ धुक्यात गेल्यासारखं. चाप सावकाश मागे घेत गेले. सुटली ती मला न विचारता सुटली. मी मान उंच केली नाही. पुढची. मग पुढची. त्यानंतरच्या सगळ्या फेऱ्या मी अशाच मारल्या. संपल्यावर सर आले, त्या फेऱ्यांचा कागद पुढे धरला आणि नुसतं "जुओ" म्हणाले, बघा. गोळ्यांची भोकं एकात एक मिसळली होती. मी आनंदाने ओरडले, वहिनी. मोठ्याने. सगळ्यांनी वळून बघितलं.

आणि मग मी चहा प्यायले. हे मला सर्वात जास्त टोचतं. नंबर लागला होता, सगळे अभिनंदन करत होते, कुणीतरी फाफडा आणला होता, मी खाल्ला, हसले, हात कसा स्थिर ठेवतेस विचारणाऱ्या एका नवीन मुलीला मी म्हटलं, "ठेवायचाच नाही गं, हलू द्यायचा." तुझं वाक्य मी माझं म्हणून सांगितलं. त्यानंतर लॉकर उघडला आणि मोबाइल चालू केला. दादाचे फोन येऊन गेल्याचे मेसेज एकाखाली एक आलेले. मी परत फोन लावला नाही. मला कळलं होतं. सरांनी त्यांच्या गाडीतून आणलं. दादा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला होता, त्याच्या मांडीवर तुझा स्कार्फ होता, घडी घातलेला.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. सगळे गेल्यावर एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेव्हा तो वर आला. पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिला. म्हणाला, "वैशू, एक गोष्ट आहे. कुणाला सांगितली नाही."

मी कपडे वाळत घालतच राहिले.

"तिने तुला विचारलं होतं. वैशू कोठे शे, म्हणाली. मी तुला फोन लावत होतो, लागत नव्हता. तिला म्हटलं, रस्तामा शे. ई ऱ्हायनी, येतेय. थोड्या वेळाने परत विचारलं. मी परत तेच म्हटलं. कामरेज सोडलं म्हटलं. मग ती दाराकडे बघत राहिली. मला म्हणाली, पडदा सरकव." त्याने खांद्यावरचा पंचा हातात घेतला. "शेवटचं तिच्याशी जे बोललो ते खोटं बोललो गं. आयुष्यात तिच्याशी खोटं बोललो नव्हतो."

मी म्हटलं, "दादा, तू काय वाईट हेतूने बोललास का?"

तो म्हणाला, "पण तू निघाली होतीस ना तेव्हा? मला वाटतं तू निघालीच असशील. जेवायच्या आत येते म्हणाली होतीस."

किती सोपं होतं, वहिनी. हो म्हटलं असतं तर त्याचं खोटं खरं झालं असतं, आणि माझंही सगळं निभावलं असतं. तो तेच मागत होता. त्याच्या डोळ्यांत ते दिसत होतं. माझ्या हातात तुझी निळी साडी होती. तू गेल्यावर मी ती धुवायला काढली होती. मी ती तारेवर टाकली, टोकं सारखी केली आणि म्हटलं, "नाही दादा. तू फोन लावत होतास त्या वेळी मी निघाले नव्हते. मी गोळ्या मारत होते."

शेजारच्या इमारतीत कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज येत होता. मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल आणि ते मला जन्मभर पुरेल. त्याने विचारलं, "चांगल्या लागल्या?"

मी म्हटलं, "हो. एवढ्या चांगल्या कधीच लागल्या नव्हत्या."

त्याने पंचाने डोळे पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाला, "मग मी तिला तेच सांगायला पाहिजे होतं."

आणि खाली निघून गेला.

म्हणून आता मी सांगते, वहिनी, कारण त्याच्याकडून ते राहून गेलं आणि त्याला ते माहीतही नव्हतं. तू दाराकडे बघत होतीस तेव्हा मी कामरेज सोडलं नव्हतं. मी गोळ्या मारायच्या रेघेवर उभी होते. हात हलत होता आणि मी त्याला हलू देत होते. तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं. हे मला तुझ्यासमोर कबूल करायचं होतं, तर मी ते तू नसताना केलं. त्या सगळ्या वेळात माझी एकही गोळी खाली डावीकडे गेली नाही. आणि त्या सगळ्या वेळात, मी कितीही आठवून बघितलं तरी, तू एकदाही माझ्या मनात आली नव्हतीस.